सव्विसावा दिवस

फाइल चौदा पानांची होती. पहिली तेरा पानं केतकी अत्तरदेनं पुण्याहून निघाल्यापासून तीनदा वाचून काढली होती. चौदावं वाचायची तिला गरजच नव्हती. ते तिनंच लिहिलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून राज्य अध्यापन अनुदान मंडळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फाइलीला ते शेवटी जोडलेलं असायचं. ‘सूत्राचा इतिहास’ असं त्या पानाचं नाव. त्यात खालून तिसरी ओळ अशी होती: ‘चाचणीतील एकूण तास एकेचाळीस. वगळलेला तास एक. कारण: हितसंबंध.’

या ओळीबद्दल आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ज्यांनी ती वाचली त्यांनी उलट कौतुकच केलं होतं. स्वतःच्या गुरूचा तास स्वतःच्या हातानं चाचणीतून काढून टाकणारी अधिकारी म्हणून केतकीचं नाव मंडळात दोन वर्षं गाजत होतं.

भुसावळ मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. आणखी अर्ध्या तासावर तापी खोरे विद्यापीठ. तिथल्या भूगर्भशास्त्र विभागाची आज सुनावणी होती, आणि विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा याच्या अहवालावर सही केतकीची व्हायची होती. विभागप्रमुखांचं नाव प्रा. यशवंत भंगाळे. चोवीस वर्षांपूर्वी याच विभागात, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर, ती त्यांच्यापुढे बसायची. आणि चौदाव्या पानावरचा तो वगळलेला तास त्यांचाच होता.

या वेळीही हितसंबंध दाखवून तिला अंग काढून घेता आलं असतं. तसा अर्ज तिनं भरलाही होता. पाठवला मात्र नाही.

आता हे सूत्र म्हणजे काय भानगड, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

फार पूर्वी सरकार महाविद्यालयांना डोकी मोजून पैसे द्यायचं. पटावर जितकी नावं तितकं अनुदान. मग काय, पट फुगले आणि बाकं रिकामी राहिली. पुढे निकालावर पैसे द्यायची टूम निघाली, तेव्हा निकाल शंभर टक्के लागायला लागले आणि त्या शंभरातल्या निम्म्या पोरांना शेकडेवारी काढता येईना. वर्गात खरोखर काय शिकवलं जातं, हे मोजायचं साधनच कुणाकडे नव्हतं.

ते साधन सापडलं मेंदूच्या एका जुन्या खोडीत. माणसाला नवीन काही समजतं, तेव्हा मेंदूच्या आतल्या बाजूला, स्मृती जिथं घडते त्या भागात, काही पेशी एका ठरावीक क्रमानं चेततात. त्या क्रमाला संशोधकांनी ठसा म्हटलं. पण ठसा उमटला म्हणजे शिकणं झालं, असं नाही. पुढच्या काही दिवसांत माणूस स्वस्थ बसलेला असताना किंवा झोपेत मेंदू तोच क्रम भराभर पुन्हा पुन्हा गिरवतो, आणि असा गिरवलेला ठसा टिकतो. हे सगळं फार क्षीण चुंबकीय तरंगांतून चालतं. पूर्वी ते टिपायला खोलीभर यंत्र लागायचं. आता कानामागं चिकटवायची एक चकती पुरेशी होती. पोरांनी तिचं नाव टिकली ठेवलं आणि सरकारी कागदांतही तेच रुजलं. पोराच्या मनात काय आहे ते टिकलीला कळत नसे. नवा ठसा उमटला का, आणि तोच पुढे गिरवला गेला का, एवढंच तिला कळे. तासात उमटलेला ठसा तीन दिवसांत पुरेसा गिरवला गेला, की एक ‘बोध’ नोंदला जाई. महाविद्यालयाला पैसे मिळत ते बोधांचे.

केतकीचं स्वतःचं काम पुढचं होतं. नुसते बोध मोजले तर शहरातली, आधीच पुढं असलेली पोरं जिंकणार, हे तिला दिसत होतं. म्हणून तिनं चढगुणक बसवला. जे पोर जितकं खालून चढत येईल, तितकं त्याच्या बोधाचं वजन जास्त. या एका गुणकामुळे आडगावांतल्या दोनशेच्या वर महाविद्यालयांना जन्मात पहिल्यांदा पुरेसे पैसे मिळाले. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. नऊ वर्षं रात्री झोप लागायची ती याच गुणकाच्या भरवशावर.

पण तीन दिवसांची मुदतही तिचीच होती.

भंगाळे सर पायऱ्यांवर उभे होते. एकोणसाठीचे, बारीक, डोक्यावरचे केस बरेचसे गेलेले. शर्टाला इस्त्री केलेली पाहून केतकीला कसंसंच झालं, कारण तिच्या आठवणीतल्या सरांच्या शर्टावर कायम दगडाची धूळ असायची.

“ये, ये. प्रवासात काही खाल्लंस की नाही? भरीत-पुरी करायला सांगितलीय. पण ती दुपारी, आधी तुझं काम.” मग जरा थांबून म्हणाले, “तुला अहोजाहो करायला हवं का गं? सुनावणीत चालतं ना हे?”

“सर, तुम्ही अहोजाहो केलंत तर मी परत जाईन.”

ते हसले. विभागात दोन खोल्या उरल्या होत्या. अनुदान दोनदा एक तृतीयांशानं कापलं गेलं, तेव्हा प्रयोगशाळेचा मदतनीस गेला आणि सहलीची बस गेली. हे सगळं तेरा पानांत होतं. भिंतीवर मात्र एक नवा चकचकीत तक्ता टांगलेला होता: ‘सात मिनिटांची घडी’. एक मुद्दा, एक उदाहरण, एक गंमत, एक उजळणी. पुन्हा पुढचा मुद्दा.

“हे काय, सर?”

“माझं औषध,” सर म्हणाले. त्यांनी कपाटातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. “आकडे बघ. आमच्याकडं सूत्र उशिरा लागू झालं, हे चौथं वर्ष. पहिल्या वर्षी दर विद्यार्थ्यामागे तासाला शून्य पूर्णांक तीन बोध. दुसऱ्या वर्षी चार. म्हणजे चार नव्हे, शून्य पूर्णांक चार. मग मी प्रशिक्षण घेतलं. तिसऱ्या वर्षी दोन पूर्णांक नऊ. आणि या सहामाहीत चार पूर्णांक सहा, हे तुझ्या फाइलीत अजून आलेलं नसेल. तुमची अट चारची आहे ना? आज दुपारच्या साक्षीतासाला चार ठसे पडले की विभाग वाचला. पडतील. मी तालीम केलीय.”

साक्षीतास म्हणजे सुनावणीचा शेवटचा भाग. अधिकाऱ्यानं वर्गात बसायचं, पोरांच्या टिकल्यांवरून उमटणारे ठसे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि आकडा लिहायचा. केतकी येताना मनाशी धरून आली होती, की विभाग बुडतोय आणि तिला काहीतरी करावं लागणार. इथं तर विभाग वाचलेला होता. सही करून निघून जायचं, बस. तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

“आणि दगड, सर?” तिनं विचारलं.

“दगड?”

“तुम्ही पहिल्या दिवशी एकेक दगड द्यायचात.”

“अगं, ते कधीच बंद केलं.” सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. “ती टाकी दिसते? तिच्या पायात घातले सगळे. चार पेट्या होत्या. ठेकेदार खूश झाला.”

केतकी त्या टाकीकडे बघत राहिली.

तिच्या वर्षाला सरांनी तिला दिलेला दगड काळा होता, मुठीएवढा, आणि त्याच्या अंगभर लहान-लहान पोकळ्या होत्या, आतून पांढरे स्फटिक. “हा जवळ ठेव,” असं सर प्रत्येकाला म्हणायचे. “हा असा का झाला, ते महिन्यानं सांग. पुस्तक उघडायचं नाही आणि मला विचारायचं नाही.” बस, पहिला तास संपला. पुढच्या तासांनाही ते उत्तरं द्यायचे नाहीत, आणखी प्रश्न तेवढे वाढवून ठेवायचे. पोरं वैतागायची. केतकी तर तीन आठवडे सरांच्या नावानं बोटं मोडत होती. मग एका सकाळी आई धिरडी घालत होती, तव्यावरच्या धिरड्याला जाळी पडायला लागली, आणि केतकी उलथनं हातात घेऊन तशीच उभी राहिली. बुडबुडे. हा दगड कधीतरी या पिठासारखा पातळ होता, आतून वाफ वर येत होती, आणि बाहेर पडायच्या आत सगळं गोठलं. मग पाणी झिरपलं आणि त्यानं पोकळ्यांत स्फटिक भरले. त्या एका क्षणात तिला लाव्हा समजला, सह्याद्री समजला, गावच्या विहिरीला पाणी कुठून येतं ते समजलं. धिरडं करपलं. आई ओरडली. ते ज्ञान तिच्या डोक्यातून आजतागायत हललेलं नव्हतं.

म्हणूनच तर नऊ वर्षांपूर्वी चाचणीसाठी वर्ग निवडताना तिनं हट्टानं सरांचा वर्ग घेतला होता. तेव्हा टिकल्या चाळीस दिवस चालायच्या. आलेख आला तो असा: तासात ठसे जवळजवळ नाहीत, नुसता गोंधळ. तीन दिवसांत काही नाही. दहा दिवसांत काही नाही. बाराव्या, पंधराव्या दिवशी कुठंकुठं हालचाल. आणि सव्विसाव्या दिवसाच्या आसपास, जवळजवळ सगळ्या पोरांच्या मेंदूत, एकेक भला मोठा ठसा. उरलेल्या चाळीस वर्गांपैकी एकातही एवढा खोल ठसा नव्हता.

तो आलेख तिनं पाहिला. नीट पाहिला.

मग तिनं हिशेब केला. हा तास चाचणीत ठेवला, तर तीन दिवसांची मुदत टिकत नाही. महिन्याची धरली, तर कुठला ठसा कुठल्या तासाचा हे सांगायची पद्धत नव्यानं शोधावी लागेल, त्यात दोन वर्षं जाणार. घोषणेची तारीख ठरलेली. शिवाय कुणी म्हटलं असतं, बाईंनी आपल्या गुरूंसाठी सूत्र वाकवलं. हितसंबंधाचा नियम हाताशीच होता. नियमानं तास वगळता येत होता, तिनं वगळला, आणि वर प्रामाणिकपणाची शाबासकी मिळवली. तिनं कधी लाच घेतली नव्हती, कुणाचा एक पैसा खाल्ला नव्हता. फक्त खरं काय ते माहीत असून नियमाच्या आड लपली होती.

“तुला एक सांगायचं होतं,” सर म्हणाले. त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. “तुमच्या चाचणीत माझाही वर्ग होता, आठवतं? मी तुला फोन केला होता नंतर. काय आलं गं आमच्या वर्गाचं, म्हणून. तू म्हणालीस, सांगता येत नाही सर, नियमात बसत नाही.”

“आठवतं.”

“मी तेव्हाच काय ते ओळखलं. तू बोलली नाहीस, माझं मन राखलंस. पण मला कळलं.” ते समजुतीनं मान हलवत होते. “मग पाच-सहा वर्षांनी इकडंही सूत्र लागू झालं आणि आकडे आले, तेव्हा मला धक्का असा बसला नाही. एवढंच वाटलं, की तीस वर्षं मी पोरांना नुसतं ताटकळत ठेवलं. काही पोहोचतच नव्हतं त्यांच्यापर्यंत, आणि मी आपला दगड वाटतोय. पहिल्या दोन महिन्यांत जेवण जाईना. मग म्हटलं, उशिरा का होईना, शिकवायला शिकू. हे तुझ्यामुळं झालं, केतकी. खरंच.”

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर नव्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, खडीचा ढीग पडला होता. सरांनी तिचं मौन ऐकलं होतं आणि त्यातून स्वतःच्या तीस वर्षांचा निकाल काढला होता. सूत्राबद्दल तिला आजवर जी काही टोचणी होती ती पैशांची, विभागाची, कागदावरची होती. हे निराळंच होतं. हा माणूस नऊ वर्षं स्वतःला नापास समजून जगत होता.

दारावर टकटक झाली. एक मुलगी आत आली. वीस-एकवीसची, दोन वेण्या, कानामागं टिकली.

“ही रेशमा पावरा,” सर म्हणाले. “सातपुड्यातल्या पाड्यावरची. विद्यार्थ्यांच्या वतीनं हिचं म्हणणं तुला लिहून घ्यायचंय. मी बाहेर थांबतो, नियम आहे तो.”

सर गेले. केतकीनं ठरलेले प्रश्न विचारले. शिकवलेलं समजतं का? हो. सर वेळेवर येतात का? हो. नोट्स मिळतात का? हो, छान मिळतात. रेशमा हातांची घडी घालून पढवल्यासारखी उत्तरं देत होती.

“आणखी काही सांगायचंय?” केतकीनं शेवटचा प्रश्न विचारला.

रेशमा जरा घुटमळली. “लिहिणार नसाल तर सांगते.”

“नाही लिहीत.”

“माझा मोठा भाऊ इथं शिकला. भाईदास. त्याला सरांनी दगड दिला होता. आमच्याकडं सगळे त्याला हसायचे, कॉलेजात जाऊन दगड घेऊन आला म्हणून. पण आता आमच्या अकरा पाड्यांना पाणी तोच दाखवतो. कुठं खणायचं ते. एकदाही चुकलेला नाही. त्याला विचारलं की कसं कळतं, तर म्हणतो, दगडानं एकदा डोकं उघडलं, मग बंदच झालं नाही.” तिनं हातांची घडी सोडली. “मी त्या दगडासाठी आले होते, मॅडम. पहिल्या दिवशी वाट बघत बसले. सरांनी नोट्स दिल्या. सर चांगलं शिकवतात, माझे बोध पण भरपूर पडतात. पण मला पाड्यावर नेऊन उभं केलं, तर मला काही सांगता येणार नाही.”

केतकीनं पेन खाली ठेवलं.

भरीत-पुरी आली. सरांनी तिच्या ताटात आग्रहानं वाढलं, स्वतः मात्र घाईघाईनं दोन घास खाल्ले, कारण त्यांना साक्षीतासाआधी मुद्दे एकदा नजरेखालून घालायचे होते. केतकीनं आपलं ताट बाजूला सारलं.

“सर, मला तुम्हाला काही दाखवायचंय,” ती म्हणाली, आणि टॅबलेटवर तो आलेख उघडला. नऊ वर्षं तिनं तो पुसलाही नव्हता आणि उघडलाही नव्हता. “हा तुमचा वर्ग आहे. चाचणीतला.”

सरांनी चष्मा लावला. त्यांना आलेख वाचता येत होता, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. बोट आडव्या रेषेवरून हळूहळू पुढे सरकत गेलं आणि एका उंचवट्याशी थांबलं.

“हा कितवा दिवस?”

“सव्विसावा.”

“सव्वीस.” त्यांचा चेहरा उजळला. “मला वाटायचं महिना लागतो. चार दिवस आधीच होतं तर.” मग त्यांनी ठशाची उंची पाहिली, बाजूचं माप पाहिलं, पुन्हा उंची पाहिली. “आणि हे एवढं मोठं? सगळ्यांना?”

“चोविसातल्या बावीस जणांना.”

ते हसले, अगदी मनापासून, जुन्या सरांसारखे. पोहोचत होतं. तीस वर्षं सगळं पोहोचत होतं. तेवढा एक क्षण त्यांना मिळाला. मग हसू हळूहळू ओसरलं आणि त्यांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला.

केतकीनं सगळं सांगितलं. तीन दिवसांची मुदत, घोषणेची तारीख, हितसंबंध, शाबासकी. एकही सबब न वगळता सांगितलं आणि एकही सबब टिकत नाही हेही सांगितलं. चढगुणकाचा उल्लेख केल्याशिवाय मात्र तिच्यानं राहवलं नाही. “सूत्रामुळं दोनशे गावांचं भलं झालं, सर. हे उकरून काढलं तर सूत्रालाच स्थगिती येईल, म्हणून मी...”

“सूत्राचं मला काही सांगू नकोस,” सर शांतपणे म्हणाले. “सूत्रातून तू मला काढलंस, ते मी समजू शकतो. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण फोन तर केला होता ना मी तुला?”

तिनं टॅबलेट बंद केला.

“तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं, की सर, पोहोचतंय. अनुदानाचा काय संबंध त्यात? कुठला नियम आड येत होता? एक वाक्य, केतकी.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी पेट्या टाकीच्या पायात ओतल्या. दोन वर्षांची पोरं, त्रेचाळीस जणं, माझ्या हातून नुसत्या नोट्स घेऊन गेली. ती आता कुठून परत आणू मी?”

“माझं चुकलं, सर.”

“हो, चुकलं,” ते म्हणाले. “आणि माझंही. मी पोरांचं ऐकायचं सोडून टिकलीचं ऐकलं.”

तासाची घंटा झाली. सरांनी हात धुतले, मुद्द्यांचा कागद उचलला आणि तिच्याकडे न बघता वर्गाकडे चालू लागले.

वर्गात एकोणीस पोरं होती. रेशमा खिडकीजवळ दुसऱ्या बाकावर. केतकी मागं बसली. टॅबलेटवर एकोणीस वर्तुळं, सगळी करडी. ठसा उमटला की वर्तुळाची कड हिरवी होणार होती. पंचेचाळीस मिनिटांत दर वर्तुळाला चार वेळा हिरवं व्हायला हवं होतं, तर विभाग वाचणार होता.

सर टेबलाशी उभे राहिले. हातात कागद होता. पहिला मुद्दा, ज्वालामुखीचे तीन प्रकार. पोरांनी वह्या उघडल्या. सरांनी कागदाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“चला,” ते म्हणाले. “बाहेर.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. “सर, आज तर साक्षीतास आहे,” कुणीतरी पुटपुटलं.

“माहीत आहे. बाहेर तो खडीचा ढीग आहे ना, त्यातला एकेक दगड उचलून आणा. बघून उचला. आवडेल तो.”

पाच मिनिटांत सगळी परत आली. खडी इथल्याच डोंगराची होती, फोडलेली, काळी, जाळी पडलेली. सरांनी टेबलाला टेकून सगळ्यांवरून नजर फिरवली.

“हा जवळ ठेवा. झोपताना उशाशी, बसमध्ये खिशात. हा असा का झाला, ते मला महिन्यानं सांगा. पुस्तक उघडायचं नाही. मला विचारायचं नाही. एकमेकांत भांडलात तरी चालेल.”

“पण सर, नोट्स?”

“नाहीत.”

मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. वर्गात चुळबुळ सुरू झाली. एक पोरगा दगड बाकावर आपटून बघत होता. एकानं तो चाटला, तशी शेजारीण हसली. रेशमानं दगड डोळ्यांजवळ धरला होता आणि त्याच्या एका भोकात ती इतकी रोखून बघत होती, की तिला आजूबाजूचं भान नव्हतं. टॅबलेटवर वर्तुळं करडीच होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एका वर्तुळाची कड क्षणभर हिरवटली आणि पुन्हा करडी झाली. सगळा गोंधळ, नुसता गोंधळ. केतकीला तो गोंधळ ओळखीचा होता. तिच्याही डोक्यात तो तीन आठवडे होता.

अहवालाचा नमुना समोर उघडा होता. ‘साक्षीतासात नोंदलेले ठसे’ या रकान्यात तिनं शून्य लिहिलं. खोटं लिहायचं तिच्या मनात आलं होतं, एकदा नव्हे दोनदा. पण सरांनी समोर बसून खरं ते केलं होतं आणि त्यावर तिनं पुन्हा खोट्याचं पांघरूण घालावं, हे तिला शोभणारं नव्हतं. शून्याखाली तिनं लिहिलं: ‘हा आकडा या विभागाच्या बाबतीत निरर्थक आहे. अंतिम नोंद आजपासून सव्विसाव्या दिवशी घ्यावी. तोवर निर्णय राखून ठेवावा.’ त्याखाली शेऱ्यांची जागा होती, चारच ओळींची. तिला तेवढ्या पुरल्या. ‘चौदाव्या पानावरील खालून तिसरी ओळ खोटी नाही, पण तिनं खरी गोष्ट झाकली आहे. वगळलेल्या तासाचा आलेख सोबत जोडत आहे. तो मी त्याच वेळी पाहिला होता आणि तीन दिवसांची मुदत चुकीची आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. चौकशीस मी तयार आहे.’

तिनं आलेख जोडला. सूत्राला स्थगिती येईल. दोनशे गावांचे पैसे अडकतील, निदान काही महिने. आपली खुर्ची जाईल, ते तर ठरलेलंच. हा विभागही वाचेल की नाही, कोण जाणे. यातलं काहीही तिला आता नीट करता येणार नव्हतं. तिनं अहवाल पाठवून दिला.

घंटा झाली. पोरं दगड खिशात कोंबत, आपसात हुज्जत घालत बाहेर पडायला लागली. केतकी टेबलाशी गेली.

“सर, मी पाठवलं. सगळं लिहून पाठवलं.”

“बरं,” सर म्हणाले. ते फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

रेशमा मागं रेंगाळली होती. तिच्या मुठीत दोन दगड होते, एक तिचा आणि एक जास्तीचा. जास्तीचा तिनं केतकीपुढं धरला. “मॅडम, हा तुम्हाला. महिन्यानं सांगा.”

केतकीनं हात पुढं केला.

“त्यांना नको देऊस,” सर फळ्याकडेच बघत म्हणाले. “त्यांना माहीत आहे.”

रेशमानं दगड टेबलावर ठेवून दिला आणि ती बाहेर गेली.